सर्व्हायव्हल म्हणजे वाचणं, तगणं, टिकणं की उरणं?

एका अनुवादकानं मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. रुग्णांसाठीच्या एका माहितीपुस्तिकेचा अनुवाद करताना ‘फाइव्ह इयर सर्व्हायव्हल रेट’साठी ‘पाच वर्षांचा अतिजीविता दर’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्यांना ते कळेना. मग ‘पाच वर्षं जगण्याची शक्यता’ असं केलं, तर डॉक्टरांनी त्यावर काट मारली. शब्दाचा माग काढायला गेल्यावर तो डार्विन, विमा, इंजिनियरिंग, कायदा, मानसशास्त्र असा सगळीकडे भेटला. तेव्हा याचा मूळ अर्थ एकच आहे का, आणि मराठीत लिहायचं काय?

मी जैवसंख्याशास्त्रात काम करते. गेली पंचवीस वर्षं कॅन्सरच्या रुग्णांच्या नोंदी, त्यांचा फॉलो-अप आणि त्यातून निघणारे सर्व्हायव्हलचे आलेख हेच माझं रोजचं काम आहे. त्यामुळे उत्तर माझ्या बाजूनं जरा जास्त झुकलेलं असेल, पण इतर क्षेत्रांतल्या लोकांबरोबर बसून या एका शब्दावर मी बरेच वाद घातले आहेत.

‘सर्व्हायव्हल’ हा शब्द एकटा आला तर वाक्य अर्धवट आहे, हे माझं मुख्य म्हणणं. तो पुरा व्हायला चार गोष्टी सांगाव्या लागतात: कोण, कशातून, कुठल्या दिवसापासून मोजलं, आणि काय झालं की ‘संपलं’ म्हणायचं. शिवाय सुरुवातीला एकूण किती जण होते, हेही. प्रत्येक क्षेत्र या प्रश्नांची आपापली उत्तरं ठरवून घेतं आणि मग ती सांगायची विसरून जातं. गोंधळ होतो तो तिथे.

मराठीनं यातलं बरंच काम आधीच करून ठेवलंय. इंग्रजीत एका शब्दात कोंबलेलं आपण वेगवेगळ्या क्रियापदांत वाटून घेतलंय. अपघातातून माणूस वाचतो. लावलेलं रोप तगतं. रंग, लग्न, सरकार टिकतं. बरोबरीचे सगळे गेल्यावर एखादा मागे उरतो. ‘रोप वाचलं’ आणि ‘रोप तगलं’ यांतला फरक बघा. वाचलं म्हणजे शेळीनं तोंड घातलं नाही किंवा गारपीट चुकली. एक घटना होती, ती टळली. तगलं म्हणजे मुळं धरली, नवी जागा त्याला मानवली. इथे घटना कुठलीच नाही, रोज थोडं थोडं चाललेलं काम आहे. ‘टिकणं’ला काळ हवा. आणि ‘उरणं’ला आधी बरंच काही जावं लागतं, म्हणून त्या शब्दात एक हुरहूर आहे जी ‘टिकणं’त नाही. पुढे प्रत्येक क्षेत्राजवळ यातलं कुठलं क्रियापद बसतं हे बघत गेलात, तर निम्मा गुंता तिथेच सुटेल.

आधी तुमची पुस्तिका. कॅन्सरच्या संदर्भात ‘पाच वर्षांचं सर्व्हायव्हल ५४ टक्के’ याचा साधा अर्थ: ज्यांचं निदान झालं अशा एका गटातले सुमारे ५४ टक्के लोक निदानाच्या दिवसापासून पाच वर्षांनी हयात होते. बरे झाले होते असं नाही. त्यांच्या अंगात आजार नव्हता असंही नाही. सहाव्या वर्षी काय झालं, याबद्दलही हा आकडा गप्प आहे. आणि तो झालेल्या गोष्टीचा आकडा आहे: पाच वर्षांचा हिशोब द्यायचा तर ते रुग्ण किमान पाच वर्षांपूर्वीचे असावे लागतात, म्हणजे उपचारही तेव्हाचे. ‘जगण्याची शक्यता’ हे शब्द डॉक्टरांना खटकले ते यासाठी. एका जुन्या गटाचा हिशोब एका माणसाचं भविष्य म्हणून वाचला जातो.

हा हिशोब निघतो कसा, हे एकदा जवळून बघायला हवं. समजा दहा रुग्ण आहेत आणि दोन वर्षं आपण त्यांच्यामागे आहोत. एक तिसऱ्या महिन्यात गेला. पाचव्या महिन्यानंतर एकाचा पत्ता नाही. एक आठव्या महिन्यात गेला, एक बाराव्या. पंधराव्या महिन्यानंतर आणखी एक यायचा बंद झाला. एक विसाव्या महिन्यात गेला. उरलेले चार चोविसाव्या महिन्याला हयात आहेत. दोन वर्षांचं सर्व्हायव्हल किती? पत्ता नसलेल्या दोघांना जिवंत धरलं तर ६० टक्के. मृत धरलं तर ४०. त्यांना यादीतूनच काढलं तर आठांपैकी चार, म्हणजे ५०. तीन उत्तरं, आणि तिन्ही चूक.

योग्य रीत १९५८ साली एडवर्ड कॅप्लान आणि पॉल मायर या संख्याशास्त्रज्ञांनी मांडली. दोघांनी ती आधी स्वतंत्रपणे लिहिली होती, शेवटी शोधनिबंध एक झाला, आणि आज कॅन्सर रुग्णालयांत, औषधांच्या चाचण्यांत सर्रास तीच वापरतात. कल्पना अशी: ज्याचा पत्ता लागत नाही तो जोवर दिसत होता तोवर जिवंत होता, ही माहिती खरी आहे. ती फेकायची नाही आणि तिच्यात भरही घालायची नाही. प्रत्येक मृत्यूच्या वेळी विचारायचं, या क्षणी नजरेसमोर किती जण होते? तिसऱ्या महिन्यात दहा होते, नऊ राहिले: ०.९. आठव्या महिन्यात नजरेसमोर आठच, त्यातले सात राहिले: ०.९ गुणिले सात अष्टमांश. बाराव्यात सातांतले सहा. विसाव्यात पाचांतले चार. सगळं गुणलं की ०.५४ येतं, म्हणजे ५४ टक्के. जो पाच महिन्यांनी दिसेनासा झाला त्यानं आपल्या पाच महिन्यांचं माप हिशोबात टाकलं आणि तो अदबीनं बाजूला झाला. आमच्या भाषेत त्याला ‘सेन्सॉर्ड’ म्हणतात. शब्द रुक्ष आहे, पण त्यामागचा विचार मला आजही फार सभ्य वाटतो. ज्याचा शेवट माहीत नाही त्याच्याबद्दल जेवढं माहीत आहे तेवढंच बोलायचं.

हे मी पुस्तकातून शिकले, पण समजलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गटाचा आलेख काढला तो फारच सुंदर आला. वरिष्ठांनी तो बघितला आणि एवढंच विचारलं, “जे येत नाहीत ते कुठे आहेत?” मी त्यांना जिवंत धरून बसले होते. मग महिनाभर मी आणि एक समाजसेविका रोज दुपारी फोन लावत बसलो. बरेच नंबर बंद. एका घरी कुणी म्हणालं, “आजोबा शेतात गेलेत, संध्याकाळी करा.” आणि एका घरी सुनेनं शांतपणे सांगितलं, “ते गेले. दोन वर्षं झाली. तुम्हाला कळवायचं असतं, हे आम्हाला माहीत नव्हतं.” मी तारीख लिहून घेतली. त्या महिन्यात आलेख खाली आला. कॅप्लान-मायरची रीतसुद्धा एका गृहीतकावर उभी आहे: दिसेनासे झालेले लोक राहिलेल्यांसारखेच असावेत. माणूस यायचा बंद झाला तो घर बदललं म्हणून, की उठवत नव्हतं म्हणून? दुसरं असेल तर कुठलंही गणित मदत करत नाही. फोनच लावावा लागतो.

आता ‘काय झालं की संपलं’ हा प्रश्न. बातमीत येतं, ‘नव्या औषधानं सर्व्हायव्हल वाढलं’. ते वाचताना आधी विचारा, कुठलं सर्व्हायव्हल? ‘ओव्हरऑल’ असेल तर शेवट म्हणजे मृत्यू, कुठल्याही कारणानं. ‘प्रोग्रेशन-फ्री’ असेल तर स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली की घड्याळ थांबतं, माणूस घरी चालता-बोलता असला तरी. दुसऱ्या प्रकारचा आकडा वाढला म्हणून पहिलाही वाढतोच असं नाही. कधी वाढतो, कधी तसूभरही हलत नाही. पुस्तिकेत हे दोन्ही ‘जगणं’ या एकाच शब्दानं लिहिलं तर ती वाचणाऱ्याची फसवणूक होईल, अनुवादकाच्या मनात नसताना.

आणि ‘कुठल्या दिवसापासून’ हा तर सगळ्यात फसवा प्रश्न. एक माणूस सत्तराव्या वर्षी विशिष्ट कॅन्सरनं जाणार आहे असं धरा. त्रास सुरू झाल्यावर सदुसष्टाव्या वर्षी निदान झालं तर तो तीन वर्षं जगला, पाच वर्षांच्या यादीत नाही. त्याचीच तपासणी त्रेसष्टाव्या वर्षी झाली आणि आजार तेव्हा सापडला, तर तो सात वर्षं जगला, यादीत आला. मृत्यूची तारीख तीच. नुसतं घड्याळ आधी सुरू झालं आणि सर्व्हायव्हल शून्यावरून शंभरावर गेलं. हे कागदावरचं कोडं नाही. दक्षिण कोरियात थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली तेव्हा १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण सुमारे पंधरापट झालं. त्या आजारानं होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण मात्र जवळपास जिथल्या तिथे राहिलं. सापडलेल्यांपैकी बहुतेकांना त्या गाठींनी आयुष्यात कधीच त्रास दिला नसता, पण सर्व्हायव्हलच्या टक्केवारीत ते सगळे ‘यशस्वी’ म्हणून मोजले गेले. लवकर निदानाच्या मी विरोधात नाही. काही कॅन्सरमध्ये त्यानं खरोखर जीव वाचतात. ते सिद्ध करायला मात्र मृत्युदर लागतो, सर्व्हायव्हलची टक्केवारी पुरत नाही.

मध्यकाबद्दलही (इंग्रजीत ‘मीडियन’) बोलायला हवं, कारण घरच्यांना सर्वांत जास्त तोच छळतो. ‘मीडियन सर्व्हायव्हल अकरा महिने’ असं आईच्या फाइलमध्ये वाचून एक मुलगा माझ्यापर्यंत आला होता. त्यानं कॅलेंडरवर अकरावा महिना मोजून ठेवला होता. मी त्याला आलेख दाखवला. अकरा महिन्यांपर्यंत निम्मे गेले होते, हे खरं. उरलेले निम्मे अकराच्या पुढे होते, आणि आलेखाची शेपटी उजवीकडे लांबवर गेली होती. ती शेपटी म्हणजे माणसं आहेत. जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटातला मेसोथेलिओमा (अवयवांच्या आवरणाचा कॅन्सर) झाला, तेव्हा त्या आजाराचा मध्यक आठ महिने सांगितला जायचा. ते वीस वर्षं जगले आणि २००२ मध्ये गेले ते दुसऱ्याच कॅन्सरनं. त्यांचं उदाहरण मी त्या मुलाला आशा दाखवायला दिलं नाही. मध्यक हा एका गटाचा मधला बिंदू असतो, कुणाही एका माणसाची मुदत नसतो, एवढंच सांगायचं होतं. आईला काय होईल ते मला ठाऊक नव्हतं, आणि तसं मी त्याला सांगितलं.

या सगळ्याचा उगम आजाराच्या अभ्यासात नाही, मृत्यूच्या नोंदवहीत आहे. जॉन ग्राँट या लंडनच्या व्यापाऱ्यानं १६६२ मध्ये तिथल्या मृत्यूंच्या साप्ताहिक याद्यांवरून अंदाज बांधला: जन्मलेल्या शंभरांपैकी सहा वर्षांचे होईपर्यंत ६४ उरतात, सोळाव्या वर्षी ४०, शहात्तराव्या वर्षी एक. १६९३ मध्ये एडमंड हॅली यानं (होय, धूमकेतूवाला) ब्रेस्लाऊ शहराच्या नोंदींवरून असाच तक्ता केला, तो तर वार्षिकींची, म्हणजे दरवर्षी ठरावीक रक्कम देणाऱ्या योजनांची, किंमत ठरवायलाच. विम्याचं सगळं शास्त्र तिथून वाढलं. इथे क्रियापद ‘उरणं’ आहे: शंभर होते, किती उरले.

इंजिनियर लोकांनी हेच गणित यंत्रांना लावलं आणि शब्दही आमच्याकडूनच उचलले. नवा भाग पहिल्या काही दिवसांत बिघडला तर ते त्याला ‘इन्फंट मॉर्टॅलिटी’, म्हणजे अर्भकमृत्यू म्हणतात. सुरुवातीला बिघाड जास्त, मग लांब शांत काळ, मग झिजेमुळे पुन्हा वाढ. आलेख न्हाणीच्या टबासारखा दिसतो म्हणून नावही तेच. त्यांचं क्रियापद ‘टिकणं’, आणि तिथेही शेवट ठरवावाच लागतो. मंगळावरची ऑपॉर्च्युनिटी ही गाडी जानेवारी २००४ मध्ये उतरली ती ९० मंगळ-दिवसांच्या कामासाठी. ती चौदा वर्षांहून अधिक चालली. धुळीचं वादळ आलं आणि १० जून २०१८ नंतर तिचा संदेश आला नाही. मोहीम संपल्याचं जाहीर झालं फेब्रुवारी २०१९ मध्ये. ती नेमकी कधी थांबली? माझ्या तक्त्यात मी जूनमधली तारीख ‘शेवटचा संपर्क’ म्हणून लिहीन, जशी फोन लागला नसता तर त्या शेतातल्या आजोबांची लिहिली असती. व्हॉयेजर १ चं उदाहरण याच्या उलट आहे. सप्टेंबर १९७७ मध्ये निघालेलं ते यान टिकलं ते एकेक अवयव बंद करत. १९९० मध्ये शेवटची छायाचित्रं घेऊन त्याचे कॅमेरे बंद केले, पुढे वीज पुरवायला आणखी उपकरणं. आंधळं झालं, पण बोलत राहिलं. कुठला भाग सोडला तरी आपण ‘तेच’ राहतो, हा प्रश्न तत्त्वज्ञ माणसांबद्दल विचारतात. इंजिनियरांना तो कामाच्या टेबलावर सोडवावा लागतो.

‘एकूण किती होते’ हे विसरलं की काय होतं, त्याचं नेहमीचं उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं. संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांच्यासमोर प्रश्न होता, परत आलेल्या बॉम्बर विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणांवरून विमानाचा नाजूक भाग कुठला हे कसं ओळखायचं. त्यांनी हिशोबात न परतलेली विमानं घेतली. परतलेल्यांच्या ज्या भागावर खुणा कमी, तिथे गोळी लागलेली विमानं परतलीच नसावीत. हे उदाहरण आता सगळ्यांना पाठ आहे. मला त्यापेक्षा शॅकल्टनचं जास्त बोचतं.

ध्रुवप्रदेशांच्या मोहिमा करणाऱ्या अर्नेस्ट शॅकल्टनचं ‘एंड्युरन्स’ जहाज १९१५ मध्ये अंटार्क्टिकाच्या बर्फात चिरडलं गेलं आणि त्यावरचे २८ च्या २८ जण अखेर सुखरूप परतले. ‘त्यानं एकही माणूस गमावला नाही’ हे वाक्य नेतृत्वाच्या भाषणांत हमखास येतं. पण त्याच मोहिमेची दुसरी तुकडी खंडाच्या पलीकडे रॉस समुद्राच्या बाजूला होती. शॅकल्टन खंड ओलांडून येईल म्हणून त्याच्यासाठी वाटेत अन्नाचे साठे लावायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांचं जहाज वादळानं वाहून गेलं, दहा जण किनाऱ्यावर अडकले, तरी त्यांनी साठे लावले. जो येणारच नव्हता त्याच्यासाठी. त्यातले तिघं मेले. उरलेल्या सातांना जानेवारी १९१७ मध्ये सोडवलं. ‘एकही नाही’ हे वाक्य खरं आहे, छेदात कोण धरता त्यावर. ते तिघं छेदातून गळले तेव्हा गोष्ट प्रेरणादायी झाली.

जगण्याच्या जिद्दीबद्दलही मला असंच वाटतं. १३ ऑक्टोबर १९७२ ला अँडीज पर्वतात विमान कोसळलं. ४५ जण होते, ७२ दिवसांनी सुटका झाली तेव्हा १६ हयात होते. त्यातले दोघं दहा दिवस डोंगर तुडवत मदतीपर्यंत पोचले, त्यांच्या जिद्दीला तोड नाही. पण २९ ऑक्टोबरच्या रात्री हिमस्खलन झालं आणि विमानाच्या सांगाड्यात झोपलेले आठ जण गाडले गेले. त्यांच्यात जिद्द कमी होती का? ते कुठे झोपले होते, एवढाच प्रश्न होता. ‘कॅन्सरशी झुंज देऊन जिंकला’ असं लिहिलेलं वाचते तेव्हा मला त्या रात्रीची आठवण होते. जे गेले त्यांच्या घरी ते वाक्य कसं ऐकू येतं, ते मी फोनवर ऐकलंय. तुमच्या पुस्तिकेत ‘झुंज’ आणि ‘मात’ हे शब्द कृपा करून घालू नका.

जीवशास्त्रात तर गैरसमज शब्दापासूनच सुरू होतो. ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हा शब्दप्रयोग डार्विनचा नव्हे, तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरचा, १८६४ चा. उत्क्रांतीची तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडणाऱ्या वॉलेसनं सुचवल्यावर डार्विननं तो आपल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथाच्या १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत घेतला. आपल्याकडे त्याचं भाषांतर सर्रास ‘बळी तो कान पिळी’ असं होतं आणि ते साफ चूक आहे. पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या चिमुकल्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्यानं फिंच पक्ष्यांच्या चोची वर्षानुवर्षं मोजल्या. १९७७ च्या दुष्काळात तिथले ‘मीडियम ग्राउंड’ जातीचे फिंच सुमारे ८५ टक्क्यांनी घटले. लहान मऊ बिया संपल्या, मोठ्या टणक उरल्या, आणि ज्यांची चोच खोल होती तेच त्या फोडू शकले. तगले ते मोठ्या चोचीचे. १९८२-८३ मध्ये एल निन्योनं (पॅसिफिकचं पाणी तापून हवामान बदलतं, त्यानं) धो धो पाऊस पडला, लहान बिया मुबलक झाल्या, आणि मग पारडं लहान चोचीकडे झुकलं. त्याच बेटावर, पाच-सहा वर्षांत. ‘फिट’ म्हणजे बलवान नाही. या हवेत, या बियांवर बसणारा, एवढंच.

शिवाय उत्क्रांतीत नुसतं जिवंत राहणं हे उद्दिष्टच नाही, पुढची पिढी मागे राहणं हे माप आहे. पॅसिफिक सामन मासा नदीत उलटा चढतो, अंडी घालतो आणि मरतो. अँटिकायनस नावाच्या छोट्या शिशुधान (कांगारूच्या गटातल्या) प्राण्यातले सगळे नर पहिल्याच विणीच्या हंगामानंतर काही आठवड्यांत मरतात. माझ्या तक्त्यात हे सगळे ‘मृत’. जीवशास्त्रज्ञाच्या तक्त्यात यशस्वी, कारण त्याचा ‘कोण’ वेगळा आहे. तो प्राण्याकडे बघत नाही, वंशाकडे बघतो. आणि बी? इस्रायलमधल्या मसादा किल्ल्याच्या उत्खननात सापडलेलं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं खजुराचं बी २००५ मध्ये रुजलं. इतकी शतकं ते जगत होतं म्हणायचं की नुसतं टिकून होतं? मला ‘टिकून होतं’ बरोबर वाटतं. जगणं रुजल्यावर सुरू झालं.

मानववंशशास्त्रात हाच शब्द उणा होतो. एडवर्ड टायलरनं १८७१ मध्ये ‘सर्व्हायव्हल्स’ म्हणून अशा चालीरीती दाखवल्या ज्यांचं मूळ कारण संपलंय, पण सवयीनं चालू आहेत. म्हणजे अवशेष. कल्पना आज मागे पडली, कारण लोक एखादी गोष्ट करत राहतात तेव्हा तिचा आज काहीतरी उपयोग असतोच, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं. भाषांचं तर याहून बोलकं उदाहरण आहे. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधल्या आइल ऑफ मॅन बेटावरच्या मँक्स भाषेचा शेवटचा जन्मजात भाषक नेड मॅड्रेल १९७४ मध्ये वारला. २००९ मध्ये युनेस्कोच्या नोंदीत मँक्स ‘नामशेष’ आली. तेव्हा मँक्स माध्यमाच्या शाळेतल्या मुलांनी पत्रं पाठवली: आमची भाषा मेली असेल, तर ही पत्रं कुठल्या भाषेत लिहिली आहेत? नोंद बदलावी लागली. ‘संपली’ची तारीख चुकीच्या घटनेवर लावली होती.

कायद्याला मात्र एवढं खोलात जायचं नसतं. त्याला फक्त क्रम हवा. पती-पत्नी एकाच अपघातात गेले तर मालमत्ता कुणाच्या वारसांकडे जाईल हे कोण कोणाच्या मागे उरलं यावर ठरतं, मग ते एका मिनिटानं का असेना. क्रम कळत नसेल तर वयानं लहान असलेला मागे उरला असं धरा, असं इंग्लंडच्या १९२५ च्या मालमत्ता कायद्यानं ठरवलं, आणि भारताच्या १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातही तेच गृहीत आहे. ‘उत्तरजीवी’ हा शब्द इथे चपखल बसतो, कारण त्यात ‘नंतर’ आहे. रुग्णाच्या पुस्तिकेत तो नको.

राहिला माणसाच्या मनातला अर्थ. मोठ्या आपत्तीतून, छळातून, अत्याचारातून बाहेर आलेले अनेक जण ‘पीडित’ म्हणवून घ्यायला नकार देतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. त्याच वेळी ‘मीच का उरलो’ ही बोच वर्षानुवर्षं सोबत राहते. डॉ. फिट्झह्यू मुलन हे स्वतः डॉक्टर आणि स्वतः कॅन्सरचे रुग्ण. त्यांनी १९८५ मध्ये लिहिलं की ‘बरा झाला’ आणि ‘नाही झाला’ असे दोनच कप्पे करणं चुकीचं आहे. निदानाच्या दिवसापासून माणूस सर्व्हायव्हर असतो, आणि त्याचे टप्पे असतात: उपचारांचा धावपळीचा, मग उपचार संपल्यावर परत येईल का या धास्तीचा, मग ती धास्ती सवयीची होते तो. माझ्या अनुभवात दुसरा टप्पा सगळ्यात एकाकी. घरचे म्हणतात, आता झालं ना सगळं. आणि रुग्णाला मात्र प्रत्येक खोकल्याला रात्रभर झोप नसते. या टप्प्यांना ‘तगणं’ हेच क्रियापद शोभतं. मुळं धरतायत की नाही हे रोज बघणं.

तर पुस्तिकेत काय लिहायचं. ‘अतिजीविता’ काढा. जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात तो चालेल, दवाखान्याच्या बाकावर नाही. ‘दर’ही काढा, आणि एका शब्दाच्या जागी एक शब्द बसवायचा हट्ट सोडा. वाक्य लिहा: ‘या आजाराचं निदान झालेल्या प्रत्येक शंभर जणांपैकी सुमारे ५४ जण निदानानंतर पाच वर्षांनी हयात होते.’ ‘हयात’ हा शब्द सगळ्यांना कळतो, त्यात ना झुंज आहे ना बरं होण्याचं वचन. आकडा अर्थातच तुमच्या मूळ पुस्तिकेतला घाला. त्याखाली आणखी तीन वाक्यं: ‘हे आकडे काही वर्षांपूर्वी उपचार घेतलेल्या लोकांचे आहेत. यातले काही जण पूर्ण बरे झालेले असतात, काहींचे उपचार चालू असतात. तुमच्या बाबतीत काय होईल ते तुमचा आजार कुठल्या टप्प्यावर आहे, तुमचं वय आणि उपचार यांवर अवलंबून आहे, ते डॉक्टरांना विचारा.’ ‘प्रोग्रेशन-फ्री सर्व्हायव्हल’साठी ‘आजार न वाढता गेलेला काळ’ लिहा, त्यात जगणं हा शब्द आणूच नका. ‘मीडियन’साठी ‘निम्मे रुग्ण यापेक्षा जास्त काळ जगले’ असं लिहा. ‘निम्मे याआधी गेले’ हेही तितकंच खरं आहे, ते पुढच्या वाक्यात येऊ द्या, पण आधी नको.

आणि पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर जागा असेल तर एक ओळ माझ्याकडून घाला: पत्ता किंवा फोन बदलला तर रुग्णालयाला कळवा, तब्येत उत्तम असली तरीही.